नाना, जरा हलक्या हाताने

आमच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की नळाला पाणी कधी येतं, दूध कोण देतं, हे सांगायच्या आधी त्याला एक गोष्ट बजावली जायची. बरणीचं झाकण नानांकडून लावून घ्यायचं नाही. उघडून घ्यायला हरकत नव्हती. घट्ट बसलेलं कसलंही झाकण नाना एका झटक्यात उघडत, पण परत देताना सवयीने लावूनही देत, आणि नानांनी लावलेलं झाकण साऱ्या भुसावळात फक्त नानाच उघडू शकत. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही. त्यामुळे एक अख्खा उन्हाळा मी जेवायच्या वेळी लोणच्याची बरणी काखेत मारून त्यांच्या दारात उभी राहत असे. "आना मॅडम," म्हणत नाना ती उघडायचे, मी दोन फोडी वाटीत काढायची, आणि मी "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत ते पुन्हा झाकण लावून मोकळे.

नानांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात वाल्व्ह पिळण्यात गेली. उंची बेताची, अंगाने किरकोळ, पण मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा नेहमी शेवटच्या भोकात. "वाफ आयकत नई मॅडम," ते सांगत. "तिले दाबूनच ठेवा लागते." निवृत्त झाल्यावर वाफ दीपनगरला राहिली आणि दाबायची सवय तेवढी नानांबरोबर घरी आली. नळ ते असा बंद करत की सकाळी अक्काला भांडी घासायला त्यांना उठवावं लागे. मोबाइलच्या काचेवर ते अंगठा ठेवत तो शिक्का मारल्यासारखा. त्यांच्या व्याह्यांनी पहिल्या भेटीत हात मिळवला, आणि मग चहाचा कप डाव्या हाताने उचलला, असं अक्का सांगायची.

माझ्या दाराची बेल त्यांनी पहिल्या आठवड्यातच निकामी केली. बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही. बेल ठणाणा करत राहिली, नाना उंबऱ्याबाहेर, मी उंबऱ्याच्या आत, दोघं हातवारे करून काहीतरी सांगतोय आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. शेवटी लाइट गेली तेव्हा कळलं, ते मला विचारत होते, "तुमची बेल चालू आहे का? आमची बिघडेल आहे."

अक्का, म्हणजे त्यांची बायको, नेमकी उलटी. तोंड तिखट आणि हात लोण्याचा. तिला मी 'अहो अक्का' म्हटलं की ती चिडायची, म्हणून ती 'अक्का तू' आणि ते 'नाना तुम्ही', असं माझ्यापुरतं ठरून गेलं. खापरावरचे मांडे करावेत तर अक्कानेच. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत असा वाढवायची की तो कोपरापर्यंत लोंबायला लागे, पलीकडचं दिसायला लागे, पण फाटत मात्र नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सुना ते बघायला जमायच्या. नानांना त्या दिवशी स्वयंपाकघरात यायची बंदी होती.

तर या अक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, आणि थेंब टाकायचं काम नानांनी मोठ्या हौसेने स्वतःकडे घेतलं. त्यांनी हात साबणाने धुतले, बाटली उचलली आणि वाफेची मुख्य लाइन बंद करावी तशी दाबली. औषध सगळंच्या सगळं एका दमात बाहेर आलं. थोडं डोळ्यात, बरंचसं नाकात, उरलेलं कानामागून उशीत. वर तोल सावरताना अंगठा भुवईवर टेकला तो वेगळाच. अक्काची किंकाळी ऐकून मी उलथनं हातात घेऊनच धावले.

"खून करू राहिले व मले हे!" अक्का ओरडत होती.

"मी तं फक्त एक थेंब टाकला," नाना म्हणाले. बाटली त्यांच्या मुठीत चपटी झालेली होती.

त्या दिवसापासून थेंब टाकायला मी जाऊ लागले. मी बाटली धरली की नाना दाराशी उभे राहायचे, दोन्ही हात मागे बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. "मी पापणी धरू का?" ते विचारत. "नका धरू," अक्का म्हणे. "मंग टॉर्च धरू?" "दुरून धरा." आणि नाना खरोखर अंगणातून टॉर्च मारत.

डॉक्टरांनी दुसरा डोळा दिवाळीनंतर करू म्हणून सांगितलं होतं. मध्येच माझी बदली धुळ्याला झाली. दिवाळीची सुट्टी संपली की तिकडच्या कॉलेजात हजर व्हायचं होतं. मुलगा-सून पुण्याला, दोघंही नोकरीवाले, म्हणजे थेंब टाकायला उरले नानाच. "तुम्हीच इकडे या, इथे करू," असं त्यांनी लाख वेळा सांगितलं, पण पुण्याला जायचं म्हटलं की अक्काला लिफ्टची धडकी भरे. तिने सरळ जाहीर करून टाकलं, "राहू द्या तो डोया. एकानं बी तुमी नको तितले दिसता."

हे बोलायला ठीक होतं. पण डावा डोळा पुरता धुरकटला होता आणि दोन डोळ्यांचा मेळ बसत नव्हता. चहा कपाऐवजी बशीत पडे. ती पायरी चाचपून उतरू लागली. पोळ्याच्या दिवशी तिचा मांडा हातावर फाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाटला असेल. नानांनी तो फाटका मांडा स्वतःच्या ताटात घेतला आणि तूप न मागता खाऊन टाकला.

गणपतीत सून आली ती नानांसाठी मोठ्यांनी रंगवायचं पुस्तक आणि रंगीत पेन्सिलींचा डबा घेऊन. नानांचं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं आणि याने मन शांत राहतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पुस्तक परदेशी धाटणीचं. घुबडं, कोल्हे, कुत्र्याच्या छत्र्या, गुलाब, आणि सगळ्यांच्या अंगावर रांगोळीसारखी बारीक नक्षी. नानांनी ते सगळं उलटसुलट चाळून पाहिलं. "एवळ्या मोठ्या पुस्तकात केयीचा एक खांब नई," असा केळीच्या मुलखाला शोभणारा शेरा मारला आणि गुलाब रंगवायला घेतला.

एका पाकळीत लाल पेन्सिल संपली. निम्मी टोक मोडून आणि निम्मी टोक करण्यात. गुलाबाचा देठ रंगवताना कागद फाटला. आणि पान उलटलं तर खालच्या घुबडाच्या छाताडावर, त्याच्या खालच्या कोल्ह्याच्या पाठीवर, सगळीकडे तोच गुलाब खळग्या-खळग्यांनी उमटलेला. नाना मात्र खूश होते. ते पान त्यांनी अक्काला नेऊन दिलं.

अक्काने पान हातात घेतलं, पाहिलं-न पाहिल्यासारखं केलं, आणि उलटं करून मागच्या बाजूने बोटं फिरवली.

"हा कागद व्हय का किसनी?" ती म्हणाली. "यावर खोबरं किसता येईन."

"अवं, तू रंग पाह्य ना. मांगून काय पाहू राहिली?"

"रंगाले काय करू? मले तुमचा हात किती दाबते ते पाह्यनं आहे." आणि मग ती जे बोलली त्याने घरातली हवाच बदलली. "आयका. ज्या दिवशी तुमी अख्खं चित्र रंगवशान आन मांगून माह्या बोटाले काई लागनार नई, त्या दिवशी मी दुसऱ्या डोयाचं आप्रेशन करीन. थेंब तुमीच टाकजा. नई तं राहू द्या."

सून हसली, मी हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी डब्यातल्या सगळ्या पेन्सिली काढल्या आणि ओळीने टेबलावर मांडल्या.

पुस्तकाच्या शेवटी इंग्रजीत सूचना होत्या. त्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पेन्सिल टोकाजवळ धरू नका, मागे धरा. आधी फिका रंग, अगदी जेमतेम. बारीक गोल गोल फिरवत जा. त्यावर दुसरा थर, मग तिसरा, सावली हवी तिथे गडद, आणि शेवटी पुन्हा फिका फिरवून सगळं एकजीव करा. गडदपणा जोराने आणायचा नाही, थरांनी आणायचा. हे शेवटचं वाक्य नानांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

"म्हनजे एका झटक्यात नई करनं," ते म्हणाले.

"नाही."

"दाबनं बी नई."

"अजिबात नाही."

"मंग रंग येईन कसा?" त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या हिशोबी जगातली प्रत्येक गोष्ट दाबल्यावरच चालत आलेली होती.

तोडगा अखेर अक्कानेच काढला. एके दुपारी तिने कणकेचा गोळा नानांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "झुलवा. वढू नका." गोळा पहिल्यांदा फरशीवर, दुसऱ्यांदा नानांच्या पायावर, आणि तिसऱ्यांदा माझ्या पुस्तकावर पडला. "हात नई लावनं वो त्याले," अक्का समजावत होती. "त्याचं वजन त्याले वढते. आपन फक्त खाली हात धरनं." नाना हातभर पसरलेल्या कणकेकडे बघत राहिले, कोपरापर्यंत पीठ, आणि एकदम म्हणाले, "असं का! तं पेन्सिलीचं बी वजन राह्यतेच की." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची पेन्सिल मोडली नाही.

मग गल्लीला त्रास सुरू झाला. अक्कासमोर जाण्याआधी नानांना चाचणी हवी असे. येईल त्याला ते अडवत, डोळे मिटायला लावत आणि पानाच्या मागून बोट फिरवायला लावत. दूधवाल्याला, सिलिंडरवाल्याला, निवडणुकीच्या चिठ्ठ्या वाटायला आलेल्या पोरांनाही. हळूहळू लोकांना त्यातलं कळायला लागलं. "नाना, कानापाशी लागते थोळं," दूधवाला डोळे मिटून सांगायचा, "बाकी शेपूट फस्कलास." एकदा दोन बायका भाजीच्या गाडीशी उभ्या राहून कोल्ह्याच्या पाठीवरून वाद घालताना मी ऐकल्या. एकीचं म्हणणं गुळगुळीत, दुसरीचं म्हणणं खरबरीत, आणि भाजीवाला मध्ये पडून म्हणतोय, "आना इकडे, मी पाह्यतो."

याच काळात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने नानांना एक वाईट सल्ला दिला. कागद उलटा ठेवून वरून इस्त्री फिरवली तर सगळे खळगे बसून जातील, असा. नानांना तो फार पटला. अक्का झोपलेली पाहून त्यांनी घरीच प्रयोग केला. खाली काहीतरी मऊ हवं म्हणून हाताला लागलं ते कापड अंथरलं, त्यावर नुकताच रंगवलेला निळा हत्ती पालथा घातला आणि गरम इस्त्री ठेवली. आता नानांच्या हाताखाली इस्त्री म्हणजे इस्त्री नव्हे, रोलर. पेन्सिलीतलं मेण वितळलं आणि हत्ती कागदावरून उठून अक्का लग्नाकार्यात नेसायची त्या पांढऱ्या परकरावर जाऊन बसला. सोंडेसकट.

नानांनी परकर घडी करून जागच्या जागी ठेवला आणि कागद अक्काला दिला. अक्काने मागून बोट फिरवलं. गुळगुळीत. तिने पुन्हा फिरवलं, मग नाकाशी नेलं.

"याले मेनबत्तीचा वास कामून येऊ राहिला?"

"नवीन पेन्सिली आहे त्या," नाना म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज बारीक होत असे, त्यामुळे ते कधी फारसं खोटं बोलत नसत.

परकर सापडायला संध्याकाळ झाली. अक्का तो हत्ती घेऊन ओट्यावर आली आणि साऱ्या गल्लीला दाखवून म्हणाली, "पाह्या! माह्या डोयाशी बेइमानी!" लोक हसून हसून बेजार झाले. नाना आत गेले ते जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत. मी ताट घेऊन गेले तेव्हा ते पलंगावर बसून स्वतःचे तळवे बघत होते. "मॅडम, हे हातच असे आहे," ते म्हणाले. "यात माह्यी चूक नई. पन तिचा डोया तं जाईन." मी वरणात तूप घातलं आणि ताट पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर नाना ओट्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. पुस्तकात भाज्यांचं एक पान होतं आणि त्यात मधोमध एक मोठं वांगं. मी जांभळी पेन्सिल काढून दिली तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की माझी मास्तरकी संशयात यावी.

"भरताचं वांगं जांभयं राह्यते का मॅडम कधी?"

आणि खरंच, आमच्याकडचं भरताचं वांगं हिरवट, देठापासून खाली येता येता पांढरट होत जाणारं. म्हणजे जांभळं रंगवण्यापेक्षा शंभर पटीने अवघड. देठाशी गडद हिरवा, मग पोपटी, मग नुसताच हिरव्याचा भास, आणि पोटावर कागद कोराच सोडायचा, म्हणजे चकाकी दिसते. नानांनी त्या वांग्याला कितीतरी दिवस घेतले. रोज एक थर, तोही श्वास रोखून. कुणी बोललं की ते पेन्सिल उचलून थांबायचे. पिवळ्यावर पोपटी, पोपटीवर हिरवा, वर पुन्हा पिवळा. सकाळी मी कॉलेजला निघताना वांगं असायचं तसंच संध्याकाळी दिसायचं, पण चार दिवसांनी पाहिलं की ते थोडं फुगलेलं वाटे. एका सकाळी मला ते कागदावरून उचलून घ्यावंसं वाटलं. या वेळी त्यांनी दूधवाल्याला बोट लावू दिलं नाही.

धनत्रयोदशीला त्यांनी ते पान अक्काच्या हातात दिलं. अक्का करंज्या करत होती. तिने हात पुसले, पान पालथं धरलं आणि बोटं फिरवली. वरून खाली, मग आडवी, मग कोपऱ्यांतून. मी आणि नाना तिच्या बोटांकडे बघत होतो.

"कोरा कागद देऊन फसवता का मले?" अक्का भडकली. "हत्तीनं समाधान झालं नई?"

"पलटव ना," नाना म्हणाले. आवाज बारीक झालेला नव्हता.

अक्काने पान पलटलं आणि चांगल्या डोळ्यासमोर नेलं. तिचं बोट देठावरून पोटापर्यंत उतरत आलं. करंज्यांच्या पाऱ्या तेवढ्या वाळत होत्या.

"भरताले चालीन," ती शेवटी म्हणाली, आणि पुन्हा करंजीकडे वळत पाठमोरीच पुढे बोलली, "दवाखान्यात नंबर लावा."

नाना मला दार उघडून द्यायला बाहेर आले ते फाटकाशी थांबलेच. त्यांना रडू आलं होतं आणि ते लपवायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते फाटकाची कडी लावत-काढत राहिले. ती कडी मला नंतर सहज उघडता आली.

मी धुळ्याला गेले. ऑपरेशन झाल्याचं कळल्यावर पहिल्या रविवारी सकाळच्या एसटीने भुसावळला आले. पुढे वर्षभरात दोघं मुलाकडे पुण्याला गेले, लिफ्टची भीती अक्काने कशी घालवली कोण जाणे, आणि माझं काही तिकडे जाणं झालं नाही. त्यामुळे नाना मला आठवतात ते त्या रविवारचे.

दार उघडंच होतं. अक्का खुर्चीत मान मागे टाकून बसलेली, काळा चष्मा मांडीवर. नाना तिच्यावर वाकलेले. डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी तिची खालची पापणी ओढून धरली होती, इतक्या अलगद की तिला ते कळत तरी असेल की नाही कोण जाणे. उजव्या हातात बाटली. जिभेचं टोक बाहेर. मी दारातच थांबले.

"पडला का?" नानांनी विचारलं.

"नई."

नानांनी आणखी वाकून पाहिलं. बाटलीच्या टोकाला थेंब तयार होऊन थरथरत होता, पण खाली यायचं नाव घेत नव्हता.

"आता?"

"नई वो."

"आता तं पडला असंन."

"कुठी पडला? मान आखडली माह्यी. जरासं दाबा ना आता!"

"नई," नाना म्हणाले. "मी नई दाबत. तुह्या डोयाले लागलं तं?"

अक्काने एक दीर्घ सुस्कारा टाकला. मग डोळा तसाच उघडा ठेवून तिने हात वर केला, चाचपत बाटलीपर्यंत नेला, नानांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि हलकेच दाबली. थेंब बरोबर डोळ्यात पडला.

"हां," अक्का म्हणाली, डोळा मिटून, हात तसाच ठेवून. "इतलं दाबनं."